घाटमार्ग व मोटारगाडीचे प्रज्वलन

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरातील इंधन व हवा यांचे मिश्रण ठिणगीने नेमके केव्हा पेटवावे, हे पुष्कळ अंशी हवेच्या घनतेवर अवलंबून असते. उंची वाढते तशी घनता घटते. त्यामुळे कोकणातून घाट चढून देशावर येणाऱ्या मोटारगाडीच्या प्रज्वलनात फरक पडतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे सह्याद्रीलगतचे तालुके या फरकाचे व त्याच्या मर्यादांचेही उत्तम उदाहरण होत.

सातवाहनकाळापासून जुन्नर व कोकणातील बंदरे यांच्यामधील व्यापार नाणेघाटाने चाले. तो मार्ग पायी माणसांचा व ओझ्याच्या जनावरांचा असून मोटारींची वाहतूक माळशेज घाटाने होते. कल्याणहून मुरबाडमार्गे येणारी गाडी या घाटात समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मी. उंचीवर पोहोचते. आंबेगाव तालुक्यातून मंचर, घोडेगाव व डिंभे यांवरून भीमाशंकरकडे जाताना सुमारे १,००० मी. उंची गाठावी लागते. प्रमाण वातावरणात ७०० मी. उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सु. ९२ टक्के व घनता सु. ९३ टक्के असते, लेह येथे (सु. ३,५०० मी.) दाब सु. ६५ टक्क्यांवर येतो.

मिश्रण पूर्ण जळण्यास काही काळ लागत असल्याने दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पाडावी लागते. विरळ हवेत ज्योत सावकाश पसरते, म्हणून ठिणगी आणखी आगाऊ पडणे इष्ट असते. संपीडनाअखेरचा दाब कमी असल्यामुळे एंजिन ठोके देण्याचा धोकाही घटतो. ठिणगी उशिरा पडल्यास शक्ती घटते, एंजिन तापते व निष्कास झडपा जळतात. फार लवकर पडल्यास ठोके बसून दट्ट्यास इजा होते. साध्या कार्ब्युरेटरात उंचीमुळे मिश्रणातील इंधनाचे प्रमाणही वाढते. ७०० मी. उंचीवर ही वाढ साधारणतः साडेतीन टक्के होते. अशा मिश्रणाने स्पार्क प्लगवर काजळी धरते.

आरंभीच्या डाइम्लर एंजिनांत तप्त नळीने मिश्रण पेटवीत; तीत प्रज्वलनाची वेळ ठरविण्याची सोय नव्हती. बॉश कंपनीच्या उच्च दाबाच्या मॅग्नेटोमुळे (१९०२) व चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या पद्धतीमुळे (सु. १९१०) ठिणगीवर नियंत्रण आले. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीत (१९०८–२७) ते चालकाच्या हाती असे. सुकाणूजवळची तरफ सरकवून तो ठिणगी पुढेमागे करी. पुढे वितरकातील फिरती वजने एंजिनाच्या वेगानुसार व निर्वात पटल भारानुसार हे काम करू लागले. मात्र पटलाच्या एका बाजूस आदान नलिकेतील व दुसऱ्या बाजूस बाहेरील हवेचा दाब असतो; पटलास या दोहोंतील फरक तेवढा कळतो. उंचीवर बाहेरचा दाब घटला, की नलिकेतील दाब तोच असूनही हा फरक कमी होतो व ठिणगी कमी आगाऊ पडते. विरळ हवेला हवे त्याच्या हे नेमके उलट होय. आकुर्डी येथे १९७२ पासून तयार झालेल्या बजाज चेतक स्कूटरच्या मॅग्नेटोत तर ठिणगीची वेळ ठरावीकच असे.

तथापि जुन्नर–आंबेगाव परिसरात घाटात एंजिन अडण्याचा दोष केवळ उंचीकडे देणे बरोबर नाही. हवेचे तापमान १५° से. वरून ४०° से. वर गेले, तर घनता सु. ८ टक्क्यांनी घटते. म्हणजे वैशाखातील दुपार एंजिनाची हवा माळशेजच्या चढाइतकीच विरळ करते. मात्र उष्ण हवेने ठोक्यांचा धोका वाढतो आणि उंचीने तो कमी होतो. चढणीवर पूर्ण भार असताना एंजिन मंद गतीने ओढते, तेव्हा तर ठोके सहज बसतात. म्हणून केवळ उंचीचा विचार करून ठिणगी आगाऊ केल्यास उन्हाळ्यात दट्ट्याचे नुकसान संभवते.

पावसाळ्यात कारण आणखी निराळे असते. माळशेज व भीमाशंकर येथील मुसळधार पाऊस व धुके यांमुळे वितरकाच्या टोपणावर व तारांवर ओल धरते. विद्युत् दाब त्या ओलीतून निसटतो व ठिणगी पडेनाशी होते. अशा वेळी पॉइंट हलविण्याऐवजी टोपण कोरडे करणे हाच खरा उपाय ठरतो. डीझेलवर चालणाऱ्या बसगाड्या व मालमोटारी यांना हा त्रास नसतो, कारण त्यांत संपीडनाच्या उष्णतेनेच इंधन पेटते. विरळ हवेत मात्र इंधन अपुरे जळून त्या अधिक धूर सोडतात.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणात आदान नलिकेतील निरपेक्ष दाब मोजला जात असल्याने निर्वात पटलाचा उपर्युक्त दोष उरत नाही; ठोके ओळखणारा संवेदक असल्यास ठिणगी तत्काळ मागेही घेता येते. भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यावर दुचाकींतही इंधन अंतःक्षेपण रूढ झाले. त्यामुळे घाट चढताना करावयाचा हा हिशोब चालकाच्या कानाकडून व यांत्रिकाच्या हातून गाडीतील संगणकाकडे गेला आहे.