काचेच्या भांड्यातले पोवळे

हातकणंगल्यापासून समुद्र तसा दूरच. मध्ये सह्याद्री उभा, तो उतरावा तेव्हा कोकणपट्टी. तरीही समुद्रातली एक वस्तू आमच्या घरांतून फार पूर्वीपासून वावरत आली आहे, ती म्हणजे पोवळे. कुणाच्या बोटात मंगळाचे रत्न म्हणून, कुठे वैद्याच्या खलात प्रवाळभस्म म्हणून. याच तालुक्यातल्या हुपरीला चांदीचे दागिने घडताना आम्ही लहानपणापासून पाहतो. चांदीला आकार देणारा हात तिथे डोळ्यांसमोर असतो. पण पोवळ्याला आकार देणारा हात कुणाचा? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना शहाण्यासुरत्या माणसांची दोन-अडीचशे वर्षे खर्ची पडली, आणि ते सापडले ते बव्हंशी काचेच्या भांड्यात!

पोवळे म्हणजे पाण्याखालची मऊ वेल, वारा लागला की तिचा दगड होतो, असा प्राचीन युरोपात समज होता. रोमन कवी ओव्हिडनेही तेच सांगितले आहे. १७०६ साली मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने समुद्रातून नुकतीच काढलेली पोवळ्याची फांदी समुद्राच्याच पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवली. थोड्या वेळाने पाहतो तो काय, फांदीवर आठ-आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमललेली! झाले, पोवळे हे झाडच, असा निकाल लागला.

पुढे मार्सेच्या पेसोनेल या वैद्याने तोच प्रयोग पुन्हा केला. फुले त्यालाही दिसली. पण स्पर्श होताच ती मिटतात, हे त्याने लक्षपूर्वक पाहिले. ही फुले नव्हेत, हे जीव आहेत, आणि पोवळे हे त्यांनीच रचलेले घर आहे, असे त्याने कळविले. पॅरिसच्या विद्वानांना हे इतके हास्यास्पद वाटले की, रेओमूर या थोर शास्त्रज्ञाने अकादमीपुढे हा विचार मांडताना लेखकाचे नावसुद्धा उच्चारले नाही. बिचाऱ्याची अब्रू वाचवावी, एवढाच त्यात हेतू! १७४२ साली मात्र रेओमूरने मोकळ्या मनाने आपली चूक कबूल केली. भांडे तेच आणि फांदीही तशीच, फरक होता तो पाहणाऱ्याच्या नजरेत.

घर कोण बांधतो, हे असे कळले. पण त्या घराचा आकार कोण ठरवतो? त्यासाठी दागिन्यातले पोवळे बाजूला ठेवून त्याच्या भाऊबंदांकडे, म्हणजे उष्ण समुद्रात प्रचंड खडक रचणाऱ्या प्रवाळांकडे वळले पाहिजे. १९०५ च्या सुमारास वुड जोन्स हा तरुण इंग्रज डॉक्टर हिंदी महासागरातील कोकोस-कीलिंग बेटांवर तारायंत्राच्या ठाण्यात नोकरीला होता. त्याला दिसले की लाटांचा मारा खाणारे प्रवाळ गोळीबंद, आखूड नि जाड फांद्यांचे असते. आतल्या शांत खाजणात तेच प्रवाळ लांब, नाजूक फांद्या पसरते. संग्रहालयांच्या कपाटांत निरनिराळ्या नावांनी मांडलेले कित्येक नमुने वस्तुतः एकाच जातीचे असावेत, असे त्याने १९१० च्या ग्रंथात ठासून सांगितले. त्याचे सारेच म्हणणे टिकले नाही. काही जाती खरोखरच वेगळ्या निघाल्या. पण मूळ मुद्दा पक्का ठरला.

त्याचा पडताळा मत्स्यालयांनी दिला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. परंतु खडक रचणारे प्रवाळ पेटीत जगविणे फार कठीण. १९५६ साली न्यू कॅलेडोनिया बेटावरील नूमेआ येथे रने कातालाने मत्स्यालय काढले. तिथे समुद्राचे ताजे पाणी टाक्यांतून सतत खेळवीत प्रवाळ जिवंत ठेवले गेले. पुढे पाणी, उजेड, क्षार सारे मोजूनमापून देणे साधले, आणि आकाराचे गुपित उलगडू लागले.

दिवाळीच्या किल्ल्यावर आपली मुले मोहरी पेरतात ना? उन्हातली रोपे ठेंगणी, भरदार. जिन्याखालच्या अंधारातली फिकी, लांबुडकी. प्रवाळाचेही काहीसे असेच, फक्त तऱ्हा निराळी. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते उन्हावर अन्न करून यजमानाला देते. म्हणून पेटीत उजेड कमी पडला की पुष्कळ प्रवाळे ताटासारखी आडवी पसरतात, मिळेल तेवढा प्रकाश गोळा करायला. पाणी संथ असेल तर फांद्या सडपातळ नि विरळ, जोरदार असेल तर आखूड नि दाट. पाण्यातला चुना घटला की वाढ मंदावते. पाणी फार तापले तर ते शेवाळच निघून जाते आणि प्रवाळ पांढरेफटक पडते.

आता घरच्या किनाऱ्याकडे येऊ. मालवणच्या समुद्रात जिवंत प्रवाळे आहेत. खडकाळ प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण आहे. मुंबईत सागरी रस्त्याच्या कामात वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती आड आल्या. २०२० साली त्या उचलून मुंबईच्याच किनाऱ्यावर दुसरीकडे बसविण्यात आल्या.

ही बातमी वाचली तेव्हा मला धरणाखाली गेलेली गावे आठवली. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याने अशी उठून आलेली बिऱ्हाडे पाहिली आहेत. माणसे तीच, देव तेच, आडनावे तीच. पण नव्या मातीत घराची ठेवण बदलते, बोलण्याचा हेल बदलतो. जगली, एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. कशी जगली, हेही विचारावे लागते.

बोटातले पोवळे कधी उजेडात धरून पाहा. ते घर बांधले त्या इवल्या जिवांनी. पण त्याला वळण लावले ते भोवतालच्या पाण्याने.