फुलपाखराचे पंख आणि फोलिक आम्ल

पावसाळा ओसरू लागला, की साताऱ्याच्या डोंगरउतारांवर आणि सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरच्या रानात पांढरी व पिवळी फुलपाखरे दिसू लागतात. बहावा, टाकळा अशा वनस्पतींवर यांतील काहींच्या अळ्या वाढतात. ही फुलपाखरे पिएरिडी या कुळातील होत. त्यांच्या पंखांच्या रंगाचा शोध कोठवर गेला, हे आपण पाहू.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांनी या रंगद्रव्यांचे पृथक्करण केले. हे द्रव्य युरिक आम्ल किंवा त्यापासून बनलेले असावे, म्हणजेच कीटक आपले टाकाऊ द्रव्य रंगासाठी वापरतो, असे मत त्यांनी 1895 साली मांडले. पुढे जर्मनीत हाइनरिख वीलांड व क्लेमेन्स शॉप्फ यांनी 1925-26 मध्ये पिवळे झँथोप्टेरिन आणि पांढरे ल्युकोप्टेरिन वेगळे काढले. ही द्रव्ये युरिक आम्लाहून निराळी निघाली. ‘टेरॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत पंख. त्यावरून या गटाला टेरिन हे नाव मिळाले. त्यांची रेणुरचना मात्र 1940 साली उलगडली.

याच काळात मुंबईत एक वेगळाच शोध चालू होता. 1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर तेथे आली. गरीब गरोदर स्त्रियांना, त्यांत गिरणीकामगार स्त्रियाही होत्या, एक घातक रक्तक्षय होत असे. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. यीस्टचा अर्क दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होतात, असे विल्स यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी द्रव्य कोणते, हे तेव्हा माहीत नव्हते.

1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य मिळाले. लॅटिन ‘फोलियम’ म्हणजे पान, म्हणून ते फोलिक आम्ल. 1945 साली येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील गटाने ते प्रयोगशाळेत तयार केले. त्याच्या रेणूचा एक भाग टेरिनचाच निघाला! डीएनए तयार होण्यास फोलिक आम्ल लागते. ते कमी पडले, की पेशी वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत. विल्स यांना दिसलेल्या मोठ्या पेशींचे कारण हेच.

पंखांचा रंग तपासणाऱ्यांच्या मनात रक्तक्षय नव्हता, आणि विल्स यांच्यासमोर फुलपाखरे नव्हती. आज शाळेत लोह व फोलिक आम्लाची गोळी वाटताना शिक्षकांनी ही हकीकत जरूर सांगावी. मुले ती गोळी अधिक समजून घेतील, असे आम्हांस वाटते.