घरगुती संगणक बंद करण्याचा अधिकार : एक ऐतिहासिक टिपण

२००१ साली महाराष्ट्रात एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रम सुरू झाला आणि परभणीसारख्या जिल्ह्यांतील सामान्य कुटुंबांचाही संगणकाशी परिचय होऊ लागला. त्याच दशकात मराठवाडा भारनियमनाने त्रस्त होता. वीज गेल्यानंतर यू.पी.एस.च्या मोजक्या मिनिटांत संगणक कोणी बंद करावयाचा, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ तांत्रिक राहत नाही.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सच्या परंपरेत हा अधिकार प्रशासकाकडेच राहिला. त्यास सबळ कारण होते. एका यंत्रावर अनेकजण एकाच वेळी काम करीत. स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरण्यापूर्वीच यंत्र थांबल्यास सर्वांचेच नुकसान होई. घरातील संगणकास मात्र हा नियम जसाच्या तसा लावणे अनाठायी होय. पासवर्ड वडिलांकडे आणि वडील शेतावर, अशा वेळी मुलगा सरळ बटण दाबून वीजच तोडणार. म्हणजे जी हानी टाळावयाची, तीच ओढवणार!

लिनक्समध्ये ही अडचण पुढे बऱ्याच अंशी सुटली. २०१० साली आरंभ झालेल्या सिस्टिमडी प्रकल्पातील लॉगइंड ही सेवा सर्वसाधारणपणे यंत्रासमोर बसलेल्या वापरकर्त्यास पासवर्डविना संगणक बंद वा पुन्हा सुरू करू देते. दुसऱ्या कोणाचे सत्र चालू असल्यास मात्र सावधगिरी बाळगावी, कारण तेथे बहिणीचा अर्धवट लिहिलेला अर्ज उघडा असू शकतो.