लांबच्या प्रवासाची बिअर आणि झाडाखालची माडी

आजचा विषय आहे ‘इंडिया पेल एल’, म्हणजे आयपीए, आणि ती चाखायची कशी. मालवणच्या किनाऱ्यावर ह्या विषयावर बोलायचं म्हटल्यावर काही जण हसले. पण विषय आपल्या जवळचा आहे. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ नावाची ब्रूअरी सुरू झाली, आणि ताजी बिअर जिथे बनते तिथेच प्यायची ही पद्धत आपल्याकडे रुळू लागली. डूलाली हा शब्द म्हणजे नाशिकजवळच्या देवळाली छावणीचा गोऱ्या सोजिरांनी केलेला अपभ्रंश. थोडक्यात काय, ह्या पेयाच्या गोष्टीत आपण पहिल्यापासून आहोत. कसे आहोत, ते पाहू.

एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. साधी बिअर हिंदुस्थानात येईपर्यंत नासायची, म्हणून हॉजसन नावाच्या इंग्रजाने भरपूर हॉप्स घालून नवी बिअर शोधून काढली. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. हॉप्स ही कडू, सुगंधी फुलं. त्यांनी बिअर टिकते, हे इंग्लंडात आधीपासून माहीत होतं. काळी पोर्टर बिअरही हिंदुस्थानात व्यवस्थित पोचत होती. हॉजसनचं भाग्य असं, की त्याची ब्रूअरी लंडनच्या पूर्वेला बो इथे, कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती. शिवाय तो कप्तानांना उधारीवर माल देई. आफ्रिकेला वळसा, दोनदा विषुववृत्त ओलांडणं, चार ते सहा महिने पिंपात हेलकावे. ह्या प्रवासात बिअर मुरली आणि मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांना आवडली. १८२२ नंतर बर्टन गावचा ऑलसॉप ह्या धंद्यात उतरला. तिथल्या पाण्यात जिप्सम जास्त, त्यामुळे कडवटपणा स्वच्छ उतरे. ‘इंडिया’ हे नाव चिकटलं १८३०च्या आसपास. त्यात आपल्याकडचा एकही घटक नव्हता. आपण फक्त बाजारपेठ होतो.

आता नेमक्या त्याच काळात ह्या किनाऱ्यावर काय होतं? १८१२ मध्ये मालवण इंग्रजांकडे गेलं. इथलं पेय होतं माडी. भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. माडाच्या पोयीला काप द्यायचा, मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं. सकाळी गोड, दुपारी झणझणीत, दुसऱ्या दिवशी शिर्का! हवेतलं यीस्ट आणि जीवाणू आपलं काम करतच राहतात. म्हणजे माडी प्रवास करू शकत नाही. ती झाडाखालीच प्यायची.

सरकारच्या दृष्टीने हा फरक मोठा होता. पिंपातली बिअर बंदरावर मोजता येते. माडी कशी मोजणार? मग झाडच मोजलं. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने काप दिलेल्या झाडावर कर बसला, परवाना आला. पुढे १९४९चा दारूबंदी कायदा आला. माडावर चढणाऱ्याच्या डोक्यावर कायद्याची टांगती तलवार दोन-तीन पिढ्या राहिली.

आता चाखण्याकडे येऊ. बिअरच्या परीक्षकांची एक प्रसिद्ध गुणपत्रिका आहे, ५० गुणांची. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, एकूण परिणामाला १०. ग्लास अर्धाच भरा. पिण्याआधी वास घ्या: संत्र्याची साल, आंबा, राळ? मग घोट. आधी माल्टचा गोडवा, मग कडवटपणा. गिळल्यावर कडवटपणा स्वच्छ राहावा, घशाला खरवडू नये. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर समजा, हवा लागून बिअर शिळी झालीय.

आणि गंमत इथेच आहे. सहा महिने टिकली म्हणून जिचं नाव झालं, ती आजची क्राफ्ट आयपीए चांगली लागते पहिल्या काही आठवड्यांतच. हॉप्सचा सुगंध उडून जातो. म्हणून जाणकार आधी डब्यावरची तारीख बघतो. म्हणजे दोनशे वर्षांनी ही बिअर माडीच्या नियमावर आली: ताजी, आणि जमलं तर बनते तिथेच.

पण ही गुणपत्रिका माडीला लावू नका. गढूळ, आंबट, वास उग्र असं म्हणून ती नापास होईल. माडीची परीक्षा वेगळी. कुठल्या माडाची, किती वाजता उतरवली, मडकं धुतलं होतं का, पाणी घातलंय का. हे माडावर चढणाऱ्याला पहिल्या घोटात कळतं, पण ते कुठे लिहिलेलं नाही. आयपीएची चव लिहून ठेवली गेली, म्हणून ती मेल्यावरही १९७०च्या दशकानंतर अमेरिकेत पुन्हा उभी करता आली. माडावर चढणारे हात आज कमी होताहेत. त्यांच्याकडचे चवीचे शब्द आत्ताच टिपून ठेवले नाहीत, तर उद्या माड असतील, मडकीही असतील, पण चांगली माडी कुठली हे सांगणारं कोणी नसेल.

तेव्हा आयपीए जरूर चाखा, नीट चाखा. आणि आपल्या गावात माडावर चढणारं कोणी असेल, तर वही घेऊन त्यांच्याकडे जा.

आता प्रश्न घेऊया.