सरहद्दीपलीकडून आलेले पत्र

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेचे आष्टी व पाटोदा हे तालुके जुन्या अहमदनगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, भिडलेले आहेत. १९४८ पर्यंत या शिवेवर इंग्रजी मुलूख संपून निजामाचे राज्य सुरू होत असे. माल पलीकडे न्यावयाचा तर करोडगिरी भरावी लागे. पैसा न्यावयाचा तर हाली शिक्क्याच्या सात रुपयांना इंग्रजी सहा मिळत. आणि बंदी घातलेले वर्तमानपत्र न्यावयाचे तर ते लपवूनच न्यावे लागे. जकात, नाणे आणि मुद्रण या तिन्हींवर एकाच दरबाराचा हात असल्यामुळे मराठवाड्याच्या पत्रकारितेत राजकारण व अर्थकारण ही दोन खाती निराळी राहिलीच नाहीत. ती दोन्ही खाती दीर्घकाळ एका लेखणीने मांडणारे संपादक म्हणजे अनंत भालेराव. त्यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

भालेरावांचा जन्म १९१९ चा, वैजापूर तालुक्यातील खंडाळ्याचा. त्यांच्या बालपणीच, १९२९ मध्ये, हैदराबाद सरकारने गश्ती क्रमांक ५३ काढून परवानगीवाचून सभा भरविण्यास मनाई केली होती. संस्थानी प्रजेला आपले गाऱ्हाणे सांगण्यासाठी संस्थानाबाहेर जावे लागे. राजकीय परिषदा भरल्या त्या काकीनाडा, मुंबई, पुणे व अकोला येथे. वर्तमानपत्राचीही तीच गत झाली. आनंद कृष्ण वाघमारे यांनी १९३८ मध्ये 'मराठवाडा' साप्ताहिक काढले आणि निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. वाघमाऱ्यांनी पत्राचे नाव बदलले. पुन्हा बंदी आली, पुन्हा नवे नाव आले. हा खेळ नव्हता. प्रत्येक नव्या नावामागे नवा खर्च आणि नवी जोखीम होती. ज्या पत्राचे नावसुद्धा टिकत नाही त्याला वाचक टिकवितात, ही गोष्ट आजच्या जाहिरातदारांच्या ध्यानात सहजासहजी यावयाची नाही.

स्वातंत्र्यलढ्यातून आलेले भालेराव पुढे याच पत्राचे संपादक झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्ता संपली, पुढच्या वर्षी जहागिऱ्याही गेल्या. आता लिहावयाचे ते कोणाविरुद्ध, असा प्रश्न लढाऊ पत्रापुढे अशा वेळी उभा राहतो, आणि पुष्कळ पत्रे तेथेच निस्तेज होतात. 'मराठवाड्या'चे तसे झाले नाही. १९५३ च्या नागपूर कराराने विकासखर्च व नोकऱ्या यांत न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले होते. १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. तेव्हा पत्राला नवा विषय मिळाला तो त्या वचनाच्या वसुलीचा. पाटबंधारे किती झाले, रेल्वेचे रुंदीकरण का अडले, उद्योग कोठे गेले, ही चौकशी मुक्तिसंग्रामाच्याच आवेशाने होऊ लागली. १९६८ मध्ये साप्ताहिकाचे दैनिक झाले. १९७४ च्या विकास आंदोलनात गोविंदभाई श्रॉफ यांची भूमिका व या पत्राची भूमिका एकच होती.

या मागण्यांत केवळ प्रादेशिक अभिमान होता, असे म्हणता येणार नाही. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने राज्यातील अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा काढला. त्यात मराठवाड्याचा भाग सुमारे २४ टक्के होता. बीड जिल्ह्यात माजलगाव येथे सिंदफणेवर धरण बांधले गेले ते जायकवाडीचा दुसरा टप्पा म्हणून. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणी तेथे यावे अशी ती योजना. पण ज्या वर्षी पैठणलाच पाणी नसते, त्या वर्षी कालव्याने काय आणावे? मग दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाची उचल घेऊन नवराबायकोची जोडी, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत एक कोयता, पश्चिमेकडील कारखान्यांची वाट धरते. जकातनाका गेला, तरी श्रम आष्टी-पाटोद्याच्या त्याच शिवेवरून बाहेर जात राहिले.

येथे भालेरावांच्या लेखणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रदेशावरील अन्याय त्यांना जितका स्पष्ट दिसला, तितका प्रदेशाच्या पोटातील अन्याय दिसला नाही, असे माझे मत आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा 'मराठवाडा' पत्राने विरोधाची बाजू घेतली. ठरावानंतर गावोगाव दलितांची घरे जळाली. ज्या पत्राने बंदीपायी स्वतःचे नाव वारंवार बदलले होते, त्याने विद्यापीठाच्या नावाची बाब इतकी ताणावी, याचे आश्चर्य वाटते. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. भालेराव १९९१ मध्येच वारले होते.

त्यांचा मोठा ग्रंथ 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा १९८७ चा. दैनिक पुढे बंद पडले. ग्रंथ मात्र आजही अभ्यासकांच्या हाती असतो. रेल्वेच्या मागणीचे म्हणाल, तर परळीला गाडी निजामाच्याच काळात आली होती, बीड शहर मात्र तसेच राहिले. अहिल्यानगरहून निघालेला मार्ग २०२२ मध्ये आष्टीपर्यंत आला आणि बीडला पहिली गाडी लागली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी. परळीपर्यंतचा पुढचा टप्पा त्या दिवशी व्हावयाचाच होता.