'कॉन्टॅक्ट'मधून गळलेले चौघे

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकून नारायणगावला आलात आणि खोडदकडे वळलात, की शेतांमध्ये आभाळाकडे तोंड केलेल्या जाळीच्या थाळ्या दिसू लागतात. ही जीएमआरटी: 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. पाहणाऱ्याला हमखास 'कॉन्टॅक्ट' आठवतो. हेडफोन लावून बसलेली जोडी फॉस्टर!

हा कादंबरीवरून काढलेला सिनेमा, असं आपण धरून चालतो. खरा क्रम जरा उलटा आहे. कार्ल सेगन आणि अ‍ॅन ड्रुयान यांनी 1980च्या सुमारास ही कथा आधी चित्रपटासाठीच लिहिली. ते काम रेंगाळलं, म्हणून सेगननी कादंबरी केली. ती 1985 मध्ये आली. रॉबर्ट झेमेकिसचा चित्रपट यायला 1997 उजाडलं. सेगन डिसेंबर 1996 मध्येच गेले होते.

या प्रवासात काय गळलं ते बघा. पुस्तकात यंत्रात पाच शास्त्रज्ञ बसतात. एलीसोबत एक रशियन, एक चिनी, एक नायजेरियन, आणि चक्क एक भारतीय स्त्री, देवी सुखावती. पडद्यावर एकटी एली. अडीच तासांत पाच माणसं उभी करणं अवघड, मान्य. पण त्यामुळे प्रश्नच बदलला. सिनेमात पेच असा की एकटीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा का? पुस्तकात पाचही जण जाऊन आल्याचं सांगतात, तरी सरकारं मानत नाहीत. मग एली 'पाय'च्या अंकांत पुरावा शोधते. संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी हे दुसरं रूप वाचावं, असं मला वाटतं. एकट्या प्रतिभावंताची गोष्ट डोक्यात घेऊन आलात तर पहिलं वर्ष जड जातं.

कारण खोडदला हेडफोन लावून ऐकण्यासारखं काही नसतं. सगळ्या अँटेनांचे सिग्नल ऑप्टिकल फायबरने एकत्र येतात आणि प्रत्येक जोडीचा मेळ घातला जातो. 30 अँटेना म्हणजे 435 जोड्या. त्यानंतर तुमच्या वाट्याला येते ती डेटा साफ करायची हमाली. 2023 मध्ये युरोपीय आणि भारतीय गटांनी पल्सारांच्या नोंदी एकत्र करून गुरुत्वीय लहरींच्या खुणा मांडल्या, त्यात जीएमआरटीचा डेटा होता. त्या शोधनिबंधांवरची नावांची यादी एकदा बघाच.

जाता जाता, सिनेमातला संदेश येतो 4.4623 गिगाहर्ट्झवर: हायड्रोजनची 1.42 गुणिले पाय. जीएमआरटीची धाव साधारण 1.45 गिगाहर्ट्झपर्यंत. एलीचा संदेश खोडदला लागलाच नसता.