भूकंपाच्या खात्यावर

लिस्बन शहर फोनमधल्या आवाजाच्या सोबतीनं पायी पाहणाऱ्याच्या कानावर एक वाक्य पुन्हापुन्हा पडतं : ही वास्तू १७५५च्या भूकंपात नष्ट झाली. राजवाडा भूकंपात गेला, संगीतनाट्यगृह भूकंपात गेलं, मठ, रुग्णालय, ग्रंथसंग्रह, सगळं भूकंपात गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी वहीत तीन रकाने आखले. काय गेलं, कधी गेलं आणि कशानं गेलं. पहिला रकाना चालता चालता भरला. बाकीचे दोन भरायला घरी परतल्यावर बरेच महिने लागले, कारण पोर्तुगीज मी शब्दकोश मांडीवर ठेवूनच वाचतो.

भूकंपाचं मोठेपण कमी करण्याचा हेतू नाही. १ नोव्हेंबर १७५५, शनिवार, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास जमीन हलली तेव्हा शहर चर्चमध्ये होतं आणि वेदीवेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले. तासाभराच्या आत तेजो नदीच्या मुखातून समुद्र आत आला. मग आग लागली, ती पाचसहा दिवस धुमसत होती. मृतांच्या अंदाजांत इतका फरक आहे की त्यातला कुठलाही एक आकडा उचलून सांगण्यात अर्थ नाही. व्हॉल्तेरनं या घटनेवर काव्य लिहिलं, तरुण कांटनं निबंध लिहिले. युरोपभर वर्षानुवर्षं चर्चिला गेलेला हा प्रसंग आहे. म्हणूनच तो मार्गदर्शकाच्या फार सोयीचा आहे. एकदा 'भूकंप' म्हटलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

या यंत्राच्या घडणीतच ती सोय आहे. १९५२ साली अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात कानाला लावायच्या पहिल्या मार्गदर्शकाचा प्रयोग झाला. रेडिओलहरींवरून एकच व्याख्यान प्रक्षेपित होई, त्यामुळे सगळे प्रेक्षक एकाच क्षणी एकाच चित्रासमोर उभे राहत आणि एकदमच पुढे सरकत. आज फोन उपग्रहाला विचारून आपण कुठे उभे आहोत ते ओळखतो आणि त्या जागेची फीत सुरू करतो. गर्दीपासून सुटका झाली हे खरं. पण जे समोर दिसतं त्याविषयी दीड मिनिट बोलायचं, हा नियम तसाच राहिला. समोर नसलेल्या गोष्टीला त्यात अर्धं वाक्य मिळतं. लिस्बनमध्ये ते अर्धं वाक्य ठरलेलं आहे.

सहलीची सुरुवात बहुतेक वेळा नदीकाठच्या चौकातून होते. त्याचं आजचं नाव व्यापाराचा चौक, पण लिस्बनकर अजून 'तेरेरो दो पासो' म्हणजे राजवाड्यासमोरचं पटांगण असंच म्हणतात. राजवाडा नाही, नाव आहे. (आपल्याकडेही बुजलेल्या तळ्याचं नाव रस्त्याला उरतंच की.) सोळाव्या शतकाच्या आरंभी राजा मानुएल डोंगरावरचा किल्ला सोडून इथे पाण्याशेजारी राहायला आला आणि राजवाड्याच्या आवारातच 'कासा दा इंदिया', म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी, थाटली गेली. मिरी, दालचिनी, कापड यांचा हिशेब इथे. जहाजावर कोण चढलं, कोणाला किती पगार, त्याच्या नोंदी इथे. ख्रिस्तपुराणाचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यानं पाच जहाजांच्या त्या ताफ्याचं वर्णन केलं आहे. त्याचं पत्र छापलं गेलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. त्याच्याबरोबर निघालेल्या खलाशांची आणि शिपायांची नावं जिथे असायची, ते दप्तर मात्र राजवाड्याबरोबर गेलं. वहीच्या तिसऱ्या रकान्यात इथे मी निःशंकपणे 'भूकंप, लाट, आग' असं लिहिलं.

तो जुना राजवाडा कसा होता हे पाहायचं तर सहलीचा मार्ग सोडून पूर्वेला, मादरे दे देउस मठातल्या फरशीचित्रांच्या संग्रहालयात जावं लागतं. तिथे निळ्यापांढऱ्या फरशांवर रंगवलेलं, सुमारे १७००च्या लिस्बनचं तेवीस मीटर लांब चित्र आहे. नदीतून पाहावं तसं अख्खं शहर त्यात एका ओळीत पसरलं आहे. मी त्याच्यासमोर दोन तास होतो. माझ्या फोनमधला आवाज त्या भागात यायला तयार नव्हता.

चौकाच्या मागे 'बायशा', म्हणजे खालचं शहर. सरळ रेषेतले रस्ते, एका उंचीच्या इमारती. ही आखणी ज्याच्या विचारातून निघाली तो राज्याचा मुख्य अभियंता मानुएल दा माया, भूकंपाच्या वेळी ७८ वर्षांचा होता. महिनाभरातच, ४ डिसेंबरला, त्यानं आपल्या टिपणाचा पहिला भाग सादर केला. त्यात पर्याय मांडले होते : होतं तसंच पुन्हा बांधावं, रस्ते रुंद करून बांधावं, घरांची उंची कमी करावी, खालचा भाग सपाट करून नव्यानं आखावा, किंवा शहरच बेलेमकडे हलवावं. मंत्री कार्व्हाल्यो, जो पुढे पोंबालचा मार्किस म्हणून ओळखला गेला, त्यानं सपाट करून नवं आखण्याचा पर्याय उचलला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घालायची पद्धत आली, तिला 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. १७६०च्या हुकमानं कोणत्या रस्त्यावर कोणत्या धंद्यानं बसायचं तेही ठरलं : सोनार, चांदीकाम करणारे, चांभार, कापडवाले. आवाज हे सगळं छान सांगतो. एक मात्र सांगत नाही. जुन्या गल्ल्यांची जोती बऱ्याच ठिकाणी शिल्लक होती. कोसळलं नव्हतं तेही नव्या नकाशासाठी पाडलं गेलं. भूकंपानं शहर मोडलं, पण शहराची जुनी वीण उसवली ती फूटपट्टीनं. मायाचं काम मला थोर वाटतं, पण ते काम होतं, आपत्ती नव्हती, आणि दोहोंचा हिशेब वेगळा ठेवायला हवा.

याच खालच्या शहरात लिस्बनचं मोठं सिनेगॉग होतं. ते १७५५मध्ये गेलं नाही. डिसेंबर १४९६मध्ये राजा मानुएलनं ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि १४९७मध्ये बहुतेकांना जाऊ न देता सक्तीनं बाप्तिस्मा दिला. सिनेगॉगचं चर्च झालं. भूकंपानं जी इमारत पाडली ती अडीचशे वर्षांपासून चर्च होती.

तिथून चढ चढून कार्मोला गेलं की लिस्बनचं सर्वांत जास्त छायाचित्रं निघालेलं भग्नावशेष भेटतं. छप्पर नसलेलं, नुसत्या टोकदार कमानी आभाळात उभ्या असलेलं कार्मेलाइट मठाचं चर्च. इथे आवाज हळवा होतो, मागे वाद्यसंगीत सुरू होतं, आणि भूकंपाच्या सकाळपासून काळ इथे थबकला आहे असं आपल्याला वाटू लागतं. वस्तुस्थिती जास्त मजेची आहे. १७५६मध्येच या चर्चच्या पुनर्बांधणीला हात घातला गेला. काम रखडत चाललं आणि १८३४ साली सरकारनं धार्मिक संघ बरखास्त केले तेव्हा थांबलं ते कायमचं. आज दिसणाऱ्या मधल्या खांबांचा आणि कमानींचा बराच भाग त्या भूकंपानंतरच्या, जुन्या गॉथिक वळणानं केलेल्या कामाचा आहे. म्हणजे ज्याला आपण पडलेलं चर्च समजून हळहळतो, ते निम्मंअधिक अर्धवट बांधलेलं चर्च आहे. पुढे पुराणवस्तू संग्रहालय इथे बसलं आणि छप्पर न घालणंच बरं असं ठरलं. वहीत 'कशानं गेलं' या रकान्यात काय लिहावं हे मला कळेना. शेवटी 'सरकारी हुकूम, १८३४' असं लिहिलं.

आता रोसिओ. लिस्बनचा हा मुख्य चौक. त्याच्या कोपऱ्यावर साव दोमिंगोसचं चर्च. आत शिरलं की खांब भाजून तडकलेले, दगडांचे पापुद्रे सुटलेले, भिंती धुराच्या रंगाच्या. माझ्याबरोबर आत आलेल्या एका कुटुंबातले वडील मुलांना भूकंपाचंच सांगत होते. हा जाळ ऑगस्ट १९५९च्या आगीचा आहे. १९९४मध्ये चर्च पुन्हा उघडलं तेव्हा भाजलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले.

पण या चर्चला त्याहून जुना एक डाग आहे. एप्रिल १५०६. शहरात प्लेग, देशात दुष्काळ, राजा बाहेरगावी. १९ तारखेच्या रविवारी इथल्या एका क्रूसावर तेज दिसलं आणि चमत्कार म्हणून गर्दी लोटली. एक जण म्हणाला, मेणबत्तीचा उजेड पडला असेल. तो 'नवा ख्रिस्ती' होता, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी सक्तीनं बाटवलेला ज्यू. त्याला दाराबाहेर ओढून मारलं. मग दोन धर्मगुरू क्रूस घेऊन रस्त्यावर उतरले, बंदरातले परदेशी खलाशी सामील झाले आणि तीन दिवस कत्तल चालली. मृतांचे आकडे दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत दिले जातात. राजानं नंतर त्या धर्मगुरूंना आणि इतर अनेकांना देहान्त शिक्षा दिली. चर्चसमोर या कत्तलीचं स्मारक उभं राहायला २००८ साल उजाडलं. तेव्हा लिस्बनचे महापौर होते आंतोनियो कॉश्ता, ज्यांचे वडील, लेखक ओर्लांदो दा कॉश्ता, मडगावच्या घराण्यातले. स्मारक लहानसं आहे. आवाज तिथे थांबतो, पण अर्धा मिनिटच.

चौकाच्या उत्तरेला राष्ट्रीय नाट्यगृह आहे, १८४६चं. त्या जागी एस्ताउस राजवाडा होता आणि त्यात इन्क्विझिशनचं ठाणं. भूकंपानं त्याचं नुकसान केलं, पण ठाणं तिथेच पुन्हा बांधून दिलं गेलं, तेही पोंबालच्याच काळात, त्याच्याच वास्तुतज्ज्ञाकडून. १८२१मध्ये इन्क्विझिशन बंद झालं, १८३६मध्ये इमारत जळाली. इथेही भूकंप दोषी नाही. उलट याच चौकात भूकंपाच्या अर्थावरून एक माणूस मारला गेला. जेझुइट धर्मोपदेशक गाब्रिएल मालाग्रिदा यानं १७५६ साली पुस्तिका छापली की हा भूकंप लिस्बनकरांच्या पापाची शिक्षा आहे, घरं बांधत बसू नका, प्रायश्चित्त घ्या. पोंबालला मजूर हवे होते. २१ सप्टेंबर १७६१ रोजी पाखंडाच्या आरोपावरून मालाग्रिदाला रोसिओत गळा आवळून मारलं आणि जाळलं. तेव्हा इन्क्विझिशनची सूत्रं पोंबालच्या भावाकडे होती. पोंबालला विवेकवादाचा नायक म्हणून रंगवणारे या तारखेपाशी जरा घाईनं पुढे जातात.

त्या नाट्यगृहाच्या माथ्यावर नाटककार जिल विसेंतचा पुतळा आहे. २६ जानेवारी १५३१ला पोर्तुगालमध्ये एक मोठा भूकंप झाला होता. सांतारेंच्या धर्मगुरूंनी तो नव्या ख्रिश्चनांच्या माथी मारला. म्हाताऱ्या विसेंतनं त्यांना गोळा करून सुनावलं की भूकंप ही निसर्गाची करणी आहे, आणि तसं राजाला पत्रानं कळवलं. पाच वर्षांत, १५३६मध्ये, पोर्तुगालात इन्क्विझिशन आलंच. आज तिच्या ठाण्याच्या जागेवर तो उभा आहे. आवाजानं त्याची ओळख 'पोर्तुगीज रंगभूमीचा जनक' एवढीच करून दिली.

सहल संपते किल्ल्यावर, सूर्यास्ताच्या वेळेला. तिथला एक बुरूज 'तोरे दो तोंबो', म्हणजे नोंदवह्यांचा बुरूज. राज्याचं दप्तरखाना तिथे होता आणि तो बुरूज भूकंपात खरोखर कोसळला. पण दप्तर गेलं नाही. त्याचा प्रमुख तोच म्हातारा मानुएल दा माया होता. त्यानं माणसं लावून ढिगाऱ्यातून कागद उपसले, किल्ल्याच्या आवारात लाकडी खोपट उभारून त्यात ठेवले आणि १७५७मध्ये साव बेंतोच्या मठात हलवले. म्हणजे शहराच्या नव्या आखणीचं टिपण लिहीत असतानाच तो जुने कागद ओले होऊ नयेत याची खटपट करत होता. १९९०पासून ते दप्तर विद्यापीठाच्या परिसरातल्या नव्या इमारतीत आहे.

आपल्या इतिहासाशी या खोपटाचा थेट संबंध आहे. गोव्याचा विषय निघाला की 'कागद लिस्बनच्या भूकंपात गेले' हे मी अनेक व्याख्यानांत ऐकलं आहे. कासा दा इंदियाचे गेले, बरोबर. पण 'मोंसोएस'ची बाडं, म्हणजे दर मोसमाच्या जहाजांबरोबर येणारा राजाचा आणि व्हाइसरॉयचा पत्रव्यवहार, गोव्यातच होता. (हा शब्द आणि आपला 'मोसम' एकाच अरबी मुळाचे.) त्यातली साठाहून अधिक बाडं लिस्बनला गेली तीच मुळी भूकंपानंतर, आणि ती तोरे दो तोंबोत आहेत. उरलेल्या गोव्यातल्या बाडांवरच तर पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवलं आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांचा पाया घातला.

गोव्याच्या इन्क्विझिशनचं दप्तरही भूकंपानं नेलेलं नाही. १५६०मध्ये सुरू झालेलं हे न्यायासन पोंबालनं १७७४ला बंद केलं, १७७८ला ते पुन्हा उघडलं आणि १८१२मध्ये कायमचं मिटलं. त्यानंतर खटल्यांचे कागद हुकमानं जाळण्यात आले. वाचली ती एक सूची. जोआंव देलगादो फिगेइरा या न्यायासनातल्याच अधिकाऱ्यानं १६२३ साली तोवरच्या तीन हजार आठशे खटल्यांची यादी करून ठेवली होती. आरोपीचं नाव, जात, गाव, आरोप, शिक्षा, एवढंच एकेका ओळीत. ते हस्तलिखित लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, तोरे दो तोंबोपासून फार लांब नाही, रोसिओहून मेट्रोनं पंधरावीस मिनिटांवर. त्या बाजूला कुठलीही श्राव्य सहल जात नाही.